पैसे मोजलेत ना? मग उतरा पाण्यात!

थायलंडच्या माया बे किनाऱ्यावर निघालात? उत्तम. निघण्याआधी माझे चार शब्द ऐकून घ्या. मी नुकताच तिथून शहाणा होऊन आलोय आणि मला शहाणं करणारे गुरुजन माझ्याच स्पीडबोटीत बसले होते. चौघे होते. गळ्यात मोबाइलची वॉटरप्रूफ पिशवी, हातात सेल्फी स्टिक आणि ओठांवर एकच मंत्र: "पैसे मोजलेत आम्ही."

हा मंत्र आधी पाठ करा. विमानतळापासूनच जप सुरू केलात तरी चालेल. माया बे ज्या राष्ट्रीय उद्यानात येते तिथे शिरायला परदेशी माणसाला 400 बात (थायलंडचं चलन) पडतात. तेवढ्यात काय काय आपल्या मालकीचं होतं, याची तुम्हाला कल्पना नसेल. माया बे ज्याच्या कुशीत आहे ते फी फी ले बेट, त्याचे चुनखडीचे उभे कडे, कड्यांच्या कुशीतलं हिरवंनिळं पाणी, पांढरी वाळू, वाळूतले खेकडे, सगळ्याचा सातबारा तुमच्या नावावर. तिथे उभा असलेला वनरक्षक म्हणजे तुमचा गडी. गड्याने मालकावर शिट्टी मारायची नसते, हे त्याला खडसावून सांगायचं कामही तुमचंच.

इतिहास मात्र वाचू नका. उगाच मूड जातो. वाचलात तर कळेल की एका हॉलिवूडपटाच्या चित्रीकरणासाठी इथल्या वाळूच्या टेकड्या सपाट करून माड लावले होते. निसर्गाने केलेला समुद्रकिनारा पडद्यावर पुरेसा नैसर्गिक दिसत नव्हता म्हणे! त्याच्या कोर्टकचेऱ्या 2022 पर्यंत चालल्या. चित्रपट 2000 साली आला आणि त्यामागोमाग आपण सगळे आलो. एवढ्याशा किनाऱ्यावर दिवसाला 5000 पर्यंत माणसं उतरू लागली. बोटी थेट आत शिरायच्या, प्रवाळांवर नांगर टाकायच्या. पंख्यांनी ढवळलेली वाळू उरलेल्या प्रवाळांवर बसायची आणि तेही गुदमरायचे. अखेर जून 2018 मध्ये किनारा चार महिन्यांसाठी बंद केला. चार महिन्यांची साडेतीन वर्षं झाली. फांद्यांसारखा वाढणारा प्रवाळ वर्षाला काही सेंटीमीटर वाढतो, दगडासारखा गोलगोल वाढणारा तर जेमतेम एखादा, त्याला कॅलेंडर कोण दाखवणार?

पण हे वाचायचं नाही असं ठरलंय आपलं.

1 जानेवारी 2022 ला किनारा पुन्हा उघडला, तो नियमांच्या जंजाळासह. बोट आता समोरून आत जात नाही. बेटाच्या मागच्या अंगाला, लो समाह नावाच्या खाडीच्या बाजूला उतरवतात आणि फळ्यांच्या वाटेने झाडीतून चालत नेतात. या अपमानाबद्दल टूर लीडरशी भांडा. "मागच्या दाराने काय नेता? आम्ही काय मोलकरीण आहोत?" हे वाक्य मी स्वतः ऐकलंय, त्यामुळे चालतं.

सिगारेटचं थोटूक वाळूत खोल खुपसा; दिसलं नाही की संपलं.

सनस्क्रीन भरपूर फासा, कोपरापर्यंत ओघळू द्या. 2021 पासून थायलंडच्या सागरी उद्यानांत ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट वगैरे चार रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर बंदी आहे, एक लाख बातपर्यंत दंड आहे. पण बाटलीमागची बारीक अक्षरं वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा हॉटेलवर राहिलेला असतो. सुटलात.

आता मुख्य धडा. पोहणे.

माया बेमध्ये पोहायला मनाई आहे. पाय भिजवा, फार तर गुडघ्यापर्यंत जा, परत या. हे बोटीत सांगतात, उतरल्यावर सांगतात, पाटीवर लिहितात, चित्र काढून दाखवतात. तरीही तुम्ही खोल पाण्यात शिरलंच पाहिजे, कारण गुडघाभर पाण्यातली रील कोण बघतं? आमच्या गुरूंपैकी थोरले, पांढऱ्या टोपीवाले, बघता बघता कमरेपर्यंत गेले. शिट्टी वाजली. ते हसले आणि हात हलवला, जणू कुणी ओळखीचं भेटलं. दुसरी शिट्टी. धाकट्याला ओरडून म्हणाले, "अरे, व्हिडिओ घेतोयस ना?" तिसऱ्या शिट्टीला तो विशी-बाविशीचा वनरक्षक बुटांसकट पाण्यात उतरला. त्याला हे म्हणतात, "व्हॉट प्रॉब्लेम? आय पे मनी!" आणि तो पोरगा, हात जोडून, खरंच हात जोडून, मोडक्या इंग्रजीत सांगत होता, "बेबी शार्क, सर. बेबी."

तर या बेबीबद्दल. काळ्या टोकाच्या परांचे शार्क असतात, मोठे झाले की दीड मीटरच्या आसपास. माणसाच्या वाटेला सहसा जात नाहीत. मादीला एका खेपेला बहुधा दोन ते पाच पिल्लं होतात, एकेक हातभर लांबीचं. ही पिल्लं उथळ पाण्यात, काठाला लागून राहतात, कारण मोठे शिकारी मासे तिथवर येत नाहीत. किनारा बंद झाल्यावर काही महिन्यांतच ते इथे परतले. कुणी आणून सोडले नव्हते हो, पॅकेजमध्ये आले नव्हते. बोटी गेल्या, माणसं गेली, ते आले. ज्या उथळ पट्ट्यात पिल्लं वाढतात, नेमका तोच पट्टा टोपीवाल्यांना कमरेभर पाण्यातल्या रीलसाठी हवा होता. अख्खा अंदमान समुद्र पडलाय! बोट पुढच्या थांब्याला पोहायलाच नेणार होती, लाइफ जॅकेटं त्यासाठीच तर वाटली होती. पण नाही. जिथे नको म्हटलंय तिथेच बुड भिजवायचं!

मी म्हणालो, "अहो, या ना बाहेर, त्याची नोकरी आहे ती." तर मला उत्तर मिळालं, "तुम्ही त्याची बाजू घेता? आपलेच लोक असे." वीस मिनिटं गेली यात. तासाभराची वेळ असते तिथे, आमच्या अख्ख्या ग्रुपचा एक तृतीयांश किनारा या माणसाच्या कमरेने खाल्ला.

परतताना बोटीत अर्थशास्त्राचं व्याख्यान झालं, तेही ऐकून ठेवा, उपयोगी पडतं. "आम्ही येतो म्हणून यांच्या चुली पेटतात. उद्या आम्ही नाही आलो तर हे खाणार काय? उत्पन्न हवं तर जरा घाण चालवून घ्यावी लागते." बोलताना टोपी सुकत होती. बोट चालवणारा ऐकत होता, त्याला भाषा कळत नसली तरी सूर कळला असावा. त्याला उतरताना टिप द्यायची वेळ आली तेव्हा या चुली पेटवणाऱ्यांचं पाकीट वॉटरप्रूफ पिशवीतून काही केल्या निघेना.

चुलीचं एवढं असेल तर फिलिपिन्सच्या बोराकायकडे बघा. तिथेही पैसा येत होता, खूप येत होता. सांडपाण्याची जोडणी करायला खर्च येतो म्हणून कित्येकांनी घाण सरळ समुद्रात सोडली. राष्ट्राध्यक्षांनी बेटाला जाहीरपणे गटाराची टाकी म्हटलं आणि 26 एप्रिल 2018 पासून सहा महिने अख्खं बेट बंद. हॉटेलमालक थोडे चरफडले, त्यांच्याकडे साठलेलं होतं. उपाशी राहिले ते सामान वाहणारे, खोल्या झाडणारे, नावाडी, मालिश करणाऱ्या बाया. हजारोंनी. पाइप ज्यांनी जोडले नाहीत त्यांचा दंड यांनी भरला. उघडल्यावर एका वेळी 19,215 पर्यटक अशी मर्यादा घातली, किनाऱ्यावर दारू-सिगारेट बंद केली. आधीच घातली असती तर त्या मालिशवाल्या बायांचे सहा महिने वाचले असते. आणि तुम्ही मला सांगता, उत्पन्न हवं तर जरा घाण चालवून घ्यावी लागते?

माया बेचंही तेच आहे. किनारा बंद होता ती वर्षं बोटवाल्यांनीच सोसली. गर्दी शेजारच्या पिलेह लगून नावाच्या खाडीत सरकली, म्हणजे एकाचं दुखणं दुसऱ्याच्या अंगावर. आज ताशी माणसं मोजून सोडतात, म्हणून तो किनारा पुढच्या वर्षीही तिकीट विकू शकतो. हे समजायला पर्यावरणवादी असावं लागत नाही. दुकानदाराच्या पोरालाही कळतं की गल्ला भरतो म्हणून दुकानच विकून खायचं नसतं.

पण नाही कळत. कळूनही नाही कळत, म्हणून तर संताप येतो. अहो, 400 बात तुम्ही आत शिरायचे भरलेत, समुद्र विकत घेतलेला नाही. तो पोरगा तुमचा नोकर नाही. तुमच्याच पोराच्या वयाचा आहे, दिवसभर उन्हात उभा राहून दर तासाला नव्या टोपीवाल्यापुढे हात जोडतो. पाटी वाचता येते तुम्हाला. चित्रही कळतं. इंग्रजीत भांडायला येतं तर "नो स्विमिंग" कसं येत नाही? लाज वाटली पाहिजे, आणि ती मलाही वाटली, कारण तो सगळ्यांकडे एकाच नजरेने बघत होता. बरोबरच होतं त्याचं. मीही त्याच बोटीतून उतरलो होतो.

धक्क्यावर टोपीवाले जवळ आले. राग नव्हता त्यांच्या मनात, रील चांगली आली होती. म्हणाले, "तुम्ही बरंच वाचलेलं दिसतंय. पुढच्या वेळी फॅमिलीला आणायचंय. गर्दी कमी, रेट कमी, असा कुठला महिना?"

दरवर्षी 1 ऑगस्ट ते 30 सप्टेंबर माया बे बंद असते, किनाऱ्याला श्वास घेता यावा म्हणून.

"ऑगस्ट," मी म्हणालो. "अजिबात गर्दी नसते."