कबुली दिली होती ना, मग?

मुंबईच्या २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यात २१ जुलै २०२५ ला हायकोर्टानं बाराही जणांची शिक्षा रद्द केली. एक जण तोवर, २०२१ मध्येच, तुरुंगात वारला होता. बारांतला एक मूळचा जळगावचा, म्हणून आपल्या खान्देशाकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर आवाज जरा जास्तच चढला. तीन वाक्यं फिरत होती, अजूनही फिरतात. पहिलं : कबुली दिली होती ना त्यांनी, मग? दुसरं खास आपलं : इस्तोबिगर (विस्तवाशिवाय) धूर निंघस का रे भाऊ? आणि बाहेर राहणाऱ्यानं मध्ये तोंड घातलं की तिसरं : तुम्ही तिकडे नेटफ्लिक्स बघून वकील झालात.

तिसऱ्यात तथ्य आहे, हे आधीच मान्य करतो. खऱ्या गुन्ह्यांवरच्या डॉक्युमेंटऱ्यांचं सध्या पीक आलंय आणि बहुतेक पीक पोचट आहे. ड्रोननं दाखवलेला पूल, मंद पियानो, रडणारी बहीण, निवृत्त अधिकाऱ्याचा अर्धा चेहरा अंधारात. चार भाग संपतात, पण दोषारोपपत्राचं एकही पान स्क्रीनवर पाच सेकंद थांबत नाही. बघणाऱ्याला निरपराध माणूस तुरुंगात गेल्याची हळहळ वाटते. तो गेला कसा, कुठल्या कागदावरून गेला, हे कळत नाही. मला रस आहे तो त्या कागदात. म्हणून पहिल्या वाक्याकडे येतो, कारण कबुली हाही एक कागदच असतो. तो कोणीतरी लिहिलेला असतो.

मी राहतो त्या बर्मिंगहॅममध्ये हा विषय शिळा होत नाही. २१ नोव्हेंबर १९७४ ला इथल्या दोन पबमध्ये स्फोट झाले, त्यातला एक रोटुंडा या गोल इमारतीच्या तळाशी. २१ माणसं मेली. त्याच रात्री हेशम बंदरातल्या बोटीकडे निघालेले आयरिश लोक पकडले गेले. पुढे सहा जणांना जन्मठेप झाली. चौघांच्या सह्या असलेल्या कबुल्या होत्या, आणि हातांवर नायट्रोग्लिसरीन सापडल्याचा तज्ज्ञाचा दाखला होता. ती चाचणी अशी : इथरमध्ये भिजवलेल्या बोळ्यानं हात पुसायचे, तो अर्क वाटीत घ्यायचा, कॉस्टिक सोडा घालायचा, मग ग्रीस रिएजंट नावाचं रसायन. गुलाबी रंग आला की माणूस स्फोटकं हाताळून आला. पुढे १९८५ च्या सुमाराला इथल्या एका टीव्ही कार्यक्रमानं तीच चाचणी पुन्हा करून घेतली. पत्ते हाताळले तरी रंग गुलाबी आला, कारण पत्त्यांच्या चकचकीत लेपात नायट्रोसेल्युलोज असतं. ते लोक गाडीत पत्ते खेळत बसले होते. भुसावळ-नाशिक अपडाऊन करणाऱ्यांचे हात रोज संध्याकाळी तपासले असते, तर अर्धा डबा आत गेला असता.

कबुल्यांचं पितळ आणखी मजेशीर रीतीनं उघडं पडलं. वहीच्या वरच्या पानावर जोर देऊन लिहिलं की खालच्या पानावर डोळ्यांना न दिसणारा दाब उमटतो. त्या पानावर पातळ फिल्म ताणून विजेचा भार दिला आणि टोनरची पूड सोडली की अक्षरं वर येतात. पोलिसांनी जबाब सुरू असतानाच, जसाच्या तसा लिहिल्याचं शपथेवर सांगितलं होतं. दाब वेगळंच सांगत होते. १४ मार्च १९९१ ला सहाही जण सुटले. सोळा वर्षं गेली होती, आणि तोवर या शहरातली शहाणीसुरती माणसंही हेच म्हणत होती : कबुली दिली होती ना?

आता यातला विनोद पाहा. हाच खटला जळगावच्या सेशन्स कोर्टात साध्या कायद्याखाली चालला असता, तर पोलिसांपुढची कबुली पुराव्यात आलीच नसती. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ तसं सांगत होतं आणि नव्या कायद्यातही ती तरतूद आहे. तो कायदा लिहिणारा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन इंग्रज. हिंदुस्थानी पोलिसावर इंग्रजांचा भरवसा नव्हता, स्वतःच्या पोलिसावर होता. शंभर वर्षांनी त्या भरवशाची किंमत त्यांच्याच न्यायव्यवस्थेनं मोजली. आणि आपण काय केलं? १९९९ मध्ये महाराष्ट्रानं मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, आणला आणि कलम १८ नं तेच दार पुन्हा उघडलं : एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली चालेल. लोकल स्फोटांचा खटला त्याच दारातून आत गेला. हायकोर्टाचा निकाल ६७१ पानांचा आहे आणि तो फुकट वाचता येतो. वेगवेगळ्या आरोपींच्या कबुल्यांत भागच्या भाग सारखे आहेत, छळ झाल्याच्या तक्रारीला दवाखान्याच्या कागदांचा आधार मिळतो, जप्त स्फोटकांचं सीलबंद ठेवणं धड नाही, टॅक्सीवाले साक्षीदार शंभरहून अधिक दिवस गप्प बसले होते, असं सगळं त्यात आहे. ‘कबुली दिली होती’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यातली दहा पानं चाळली? सुप्रीम कोर्टानं तीन दिवसांनी स्थगिती दिली हे मात्र सगळ्यांना पाठ. ती स्थगिती निकालाचा दाखला इतर खटल्यांत वापरू नये एवढ्यापुरती होती; सुटलेल्यांना परत आत बोलावलेलं नाही.

खऱ्या गोष्टी लिहिणाऱ्यांसाठी कबुलीत आणखी एक खाण आहे : ती बोलतं कोण? लंडनमध्ये १९५० साली टिमथी एव्हान्सला फाशी झाली. १९६६ मध्ये त्याला मरणोत्तर माफी मिळाली. खरा खुनी त्याच घरात, खालच्या मजल्यावर राहत होता. एव्हान्सला लिहिता-वाचता जेमतेम येत होतं. १९६८ मध्ये एका स्वीडिश भाषाशास्त्रज्ञानं त्याच्या जबाबातली वाक्यं मोजून दाखवलं की गुन्ह्याच्या ऐन जागी वाक्यरचना एकदम कचेरीची होते. आता हे धडगावला नेऊन पाहा. घरात पावरी बोलणारा, बाजारापुरती मराठी येणारा माणूस. त्याचा जबाब वाचा : ‘सदर इसमास मी पूर्वीपासून ओळखत असून वर नमूद तारखेस मी समक्ष हजर होतो.’ हे वाक्य सातपुड्यातल्या कुठल्या पाड्यावर बोललं जातं? ते ठाणे अंमलदाराच्या लेखणीतलं आहे. प्रत्येक वेळी त्यात बनवाबनवी असते असं नाही. लिहिण्याचा साचाच तसा आहे. पण साच्यातून काय गळलं आणि काय आत शिरलं, हे शोधणारं लेखन आपल्याकडे किती? एसटी स्टँडवरच्या गुन्हेकथांच्या साप्ताहिकांपासून परवाच्या पॉडकास्टपर्यंत सगळं ‘एलसीबीने अवघ्या २४ तासांत लावला छडा’ इथेच सुरू होतं आणि तिथेच संपतं. सोबत बुरखा घातलेल्या आरोपीचा फोटो. इंग्लंडात अटक झाली की १९८१ च्या कोर्ट-अवमान कायद्याचा बडगा असतो, असं काही छापलं तर संपादकाला नोटीस जाते.

हे लिहिलं की लगेच ऐकू येतं, बरोबर आहे, तिकडे सगळं सोन्याचं. नाही हो. २००३ मध्ये सॅलफर्डला झालेल्या बलात्काराच्या गुन्ह्यात एक माणूस २००४ मध्ये दोषी ठरला. इथली ओळख परेड व्हिडिओवर होते : संशयित आणि त्याच्यासारखे दिसणारे किमान आठ, नऊ चेहरे एकामागून एक. बाईनं हल्लेखोराचा गाल ओरबाडल्याचं सांगितलं होतं. या माणसाच्या गालावर ओरखडाही नव्हता. तरी तिनं ओळखला, आणि ज्युरीनं दहा विरुद्ध दोन मतांनी दोषी धरला. कपड्यांवर दुसऱ्याच कोणाचा डीएनए असल्याचं २००७ मध्येच कळलं होतं. चुकीच्या शिक्षा तपासणारा सरकारी आयोग याच बर्मिंगहॅममध्ये आहे; त्यानं दोनदा अर्ज फेटाळला. हा माणूस सतरा वर्षं आत राहिला आणि २०२३ मध्ये निर्दोष ठरला. त्याच सुमाराला इथल्या लोकांना कळलं की अशा भरपाईतून तुरुंगातल्या राहण्या-जेवणाचे पैसे कापले जात होते. गदारोळ झाला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ती कपात बंद झाली. भरपाईची दुसरी अट मात्र कायम आहे : शिक्षा रद्द होणं पुरत नाही, आपण निर्दोष आहोत हे २०१४ पासून अर्जदारानंच संशयापलीकडे सिद्ध करायचं. म्हणजे इस्तो आणि धूर हे इथल्या न्यायखात्यालाही पटलेलं आहे.

पोस्ट ऑफिसचं तर विचारूच नका. काउंटरवरचं हिशेबाचं सॉफ्टवेअर चुकत होतं आणि ९०० हून अधिक सबपोस्टमास्तर चोर ठरले, त्यात कोपऱ्यावरची पोस्टं चालवणारे आपल्याकडचे कितीतरी. कॉम्प्युटर बरोबरच चालतो असं १९९९ पासून इंग्लंडचा कायदा धरून चालत होता. भारतात निदान कागदावर तरी उलट आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. इथं एक संगणकविषयक साप्ताहिक २००९ पासून लिहीत होतं. पण जानेवारी २०२४ मध्ये चार भागांची टीव्ही मालिका आली आणि मेमध्ये सरसकट शिक्षा रद्द करणारा कायदा झाला. नेटफ्लिक्सवरून टोमणे मारणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.

ओळख परेडीवर परत येतो, कारण आपल्याकडचे नियम वाईट नाहीत. मुंबई हायकोर्टाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये सगळं लिहिलंय : एका आरोपीसाठी किमान सहा जण रांगेत, दोन असतील तर दहा-बारा, वय-बांधा मिळताजुळता, दोन पंच, पोलिसांनी खोलीत थांबायचं नाही. लोकल स्फोटांच्या खटल्यात परेड कोसळली ती परेड घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याला तसा अधिकारच नव्हता म्हणून. त्याहून अंगावर येणारं प्रकरण आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातलं. २००३ मध्ये दरोडा, बलात्कार आणि पाच खून. वाचलेल्या बाईनं दोनच दिवसांनी पोलिसांच्या अल्बममधून चार फोटोंवर बोट ठेवलं. त्या चौघांचा तपास झाला नाही. भटक्या जमातीतले वेगळेच सहा जण पकडले गेले. २००६ मध्ये खालच्या कोर्टात सहाही जणांना फाशी, हायकोर्टात तिघांची फाशी कायम, सुप्रीम कोर्टात २००९ मध्ये पुन्हा सहाही जणांना. आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टानं सगळे निर्दोष ठरवले, प्रत्येकी ५ लाख द्यायला सांगितले. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन निघाला. फाशीच्या वाटेवरच्या या कागदांतून अल्बमचं पान इतकी वर्षं कोणाच्या डोळ्यांत भरलं नाही, ही डॉक्युमेंटरी मराठीत कोण करणार? ते भटके होते, एवढ्यावर कित्येकांचं समाधान झालं होतं. २०१८ मध्ये साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले गेले, तेव्हा तर कबुलीचीही गरज लागली नाही.

ज्याला खरोखर लिहायचंय त्यानं सुरुवात रडणाऱ्या बहिणीपासून करू नये. आधी ई-कोर्ट्सच्या साइटवरून १६ अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, काढावा. मग जिल्हा कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज. तिऱ्हाइताला कारण द्यावं लागतं, वकिलामार्फत गेलं तर चकरा वाचतात. अपील झालं असेल तर खान्देशचं संभाजीनगरच्या खंडपीठाकडे जातं, तो निकाल आधी वाचावा, कारण खालच्या कोर्टातलं काय टिकलं नाही ते तिथे आयतं मिळतं. कागद आले की तीन रकाने पाडावेत : तारीख, वेळ, जागा. फिर्याद, अटक, रिमांड अर्ज, निवेदन पंचनामा, जप्ती, प्रयोगशाळेला पाठवल्याचं पत्र, सगळं एका ओळीत. चोपड्याचा पंचनामा सव्वासहाला संपला आणि त्याच अधिकाऱ्याचा जळगावचा साडेसहाला सुरू झाला, तर तो पंधरा मिनिटांत तापी कशी ओलांडून आला? पंच कोण आहेत? दोन पंचनाम्यांत तोच ठाण्यासमोरचा पानवाला असेल तर आणखी खटल्यांत त्याचं नाव शोधावं. मुद्देमाल मालखान्यात किती दिवस पडून होता, लाखेचं सील कोणाकडे होतं, चिठ्ठीवर पंचांच्या सह्या आहेत का? पहिल्या जबाबात नसलेलं वर्णन पुरवणी जबाबात कधी उगवलं? अटक २०२० नंतरची असेल तर ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं काय झालं? सुप्रीम कोर्टानं त्या वर्षी डिसेंबरमध्ये चित्रण १८ महिने जपायला सांगितलंय.

‘तुम्ही बाहेर बसून काय सांगता’ याचं उत्तर माझ्याकडे नाही, फक्त एक विचित्र गोष्ट सांगतो. भारतीय पासपोर्ट खिशात असलेला माणूसही इथं मतदार यादीत असतो, कारण राष्ट्रकुल. आणि यादीत नाव असलं, राहून पाच वर्षं झाली असली की ज्युरीचं बोलावणं येऊ शकतं. म्हणजे ज्याला बर्मिंगहॅमच्या लोकांनी कधी आपलं म्हटलं नाही, तो क्राउन कोर्टात बसून बर्मिंगहॅमच्या पोराचा निकाल ठरवू शकतो. जळगावच्या पोराबद्दल मात्र त्याला स्वतःच्या चुलत्याच्या ग्रुपवरही बोलू दिलं जात नाही. कधीकधी वाटतं, तो ग्रुप सोडावा. सोडवत नाही; भरीत पार्टीचे फोटो तिथेच येतात.

चुलत्यांनी परवा पुन्हा तेच विचारलं. मी निकालाच्या पीडीएफमधला कबुल्यांचा भाग टाकला. दोन निळ्या टिक-खुणा आल्या, आणि खाली कोणीतरी कापसाचा आजचा भाव टाकला.