सी८ वरचा उंट घरी बसून काय करतो? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सर, एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, मनापासून आभार. तुमचे आक्षेप दोन आहेत. बुद्धिबळातल्या किंग्ज इंडियन या ओपनिंगमध्ये ब्लॅकने सी८ चा (म्हणजे वजिराशेजारचा) उंट हलवायची घाई करू नये असं सांगून मी मुलांना ‘आधी सगळी मोहरी बाहेर काढा’ हा पहिला धडाच विसरायला लावतोय, हा एक. आणि कॉम्प्युटर इंजिन व्हाइटला चांगला प्लस (वरचढपणा) देत असताना ‘जी’ फाइलमधलं (उभ्या रांगेतलं) प्यादं ढकलायला सांगणं म्हणजे पोरांना खड्ड्यात घालणं, हा दुसरा.

पहिला मला अजिबात पटत नाही. मार देल प्लाता व्हेरिएशन (याच ओपनिंगची एक प्रसिद्ध लाइन) बघा, व्हाइट घोडा ई१ ला नेतो, ब्लॅक एफ५, एफ४, जी५ करतो, ई४-डी५ आणि डी६-ई५-एफ४ अशा साखळ्या एकमेकांत अडकून सेंटर बंद. आता ब्लॅकला पुढे जी४ करायचंय आणि तिथे मारामारी झाली की जी४ वर परत मारणारा शेवटचा कोण, तर सी८ चा उंट. व्हाइटने एच३ केलं तर त्यावर बळी द्यायला तोच, आणि सी७ मधून ई६ वर यायला बघणाऱ्या घोड्याला अडवणाराही तोच, म्हणजे एकही चाल न करता तीन कामं. व्हाइट तर कधीकधी आपला घोडा बी५, ए७ असा फिरवून एकदाही न हललेल्या या उंटाला मारायला जातो, उगाच नाही जात! जी७ चा ‘डेव्हलप’ झालेला उंट मात्र स्वतःच्याच ई५ प्याद्यामागे अडकलेला असतो.

इंजिनचं म्हणाल तर आकडा खरा आहे. रशियन ग्रँडमास्टर क्रामनिकने १९९७ मध्ये नोव्हगोरोदच्या स्पर्धेत ९. बी४ (नवव्या चालीला बी प्यादं बी४ वर) खेळून कास्पारोवला हरवलं, ती लाइन ब्लॅकला त्रासदायक आहेच. पण तुम्ही म्हणता ‘व्हाइट सी फाइलवरून आत शिरून हत्ती खातो’, तर तेच डच ग्रँडमास्टर पिकेटने १९८९ मध्ये तिलबर्गच्या स्पर्धेत कास्पारोवविरुद्ध केलं. विसाव्या चालीला घोडा सी७ वर, हत्तीवर हल्ला, आणि कास्पारोवने हत्तीकडे न बघता जी३ ढकललं. ए८ चा हत्ती गेला पण एफ२ चा उंट मेला, जी१-ए७ कर्ण उघडा पडला, वजीर ए८ वरून ए७ ला आला आणि २८व्या चालीला घोडा एच१ वर बसल्यावर पिकेटने डाव सोडला. (सी८ चा उंट या डावात डी७ ला आला होता, पण अठराव्या चालीला, आणि एच३ कडे जाणारा कर्ण न सोडता.)

क्लासमध्ये एकदा एवढं करून बघा, जी५ नंतरची पोझिशन लावा, सी८ चा उंट पटावरून उचला आणि मुलांना ब्लॅककडून हल्ला करायला सांगा. मग तोच उंट ठेवून ए८ चा हत्ती उचला. यातली कुठली पोझिशन खेळायला मुलं मागतात ते मला नक्की कळवा.