"ना इकडची ना तिकडची" वाल्या मेसेजला उत्तर

फॅमिली ग्रुपवर काकांनी परवा पुन्हा तो मेसेज टाकला. दोन वंशांची मुलं ना इकडची ना तिकडची, जन्मभर कन्फ्युज असतात, हे आजकालचं फॅड आहे, अमेरिकेत दहा वर्षांत अशे लोक जवळपास चौपट झाले, म्हणून आपलं शुद्ध रक्त जपा. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. मी म्हटलं आता लिहूनच टाकतो.

आधी ते "आजकालचं". काका, तुम्ही स्वतः रेल्वेत होते, अँग्लो-इंडियन, म्हणजे गोऱ्या-देशी मिश्र वंशाचे ड्रायव्हर-गार्ड काय तुम्हाला माहीत नाहीत? त्यांची व्याख्या तर संविधानातच आहे, कलम 366 मध्ये, आणि लोकसभेत दोन जागा नेमणुकीने भरता यायच्या, त्या 2020 मध्ये बंद झाल्या. गंमत म्हणजे व्याख्येत फक्त बापाकडचा वंश धरतात, बाप इंग्रज असला तर पोरगं अँग्लो-इंडियन, पण आई इंग्रज आणि बाप आपला नागपुरातल्या इतवारीचा असला तर नाही! आता यात कन्फ्युज कोण आहे ते सांगा.

चौपटचा आकडा खोटा नाही. 2010 ला 90 लाख, 2020 ला 3 कोटी 38 लाख. पण मधल्या काळात तिथल्या जनगणनेने प्रश्न विचारायची आणि उत्तरं मोजायची पद्धत बदलली होती, त्यामुळेही आकडा फुगला, हे त्यांच्याच खात्याने सांगितलंय. आणि 2000 च्या आधी तर वंशाच्या एकाच खान्यात टिक करता यायची, मग दिसणार कुठून? 1967 पर्यंत 16 राज्यांत गोऱ्या-काळ्यांचं लग्नच बेकायदा होतं, ते सोडाच.

शुद्ध रक्त म्हणजे काय घाण्याचं तेल आहे का? पुढे जातो.

राहिलं "कन्फ्युज". माझी भाची, आई धरमपेठची, बाप काळा अमेरिकन. मागच्या मे महिन्यात सीताबर्डीत एका बाईने न विचारता तिच्या केसात हात घातला, "ओरिजिनल आहेत का गं? नेमकी कुठली तू?" पोरगी म्हणाली, "आजीच्या घरची." काही गोंधळ नव्हता. पण भर दुपारी दुपट्टा बांध म्हटलं तर नाही म्हणणारी ही पोरगी त्या दिवसापासून संध्याकाळी सात वाजताही डोक्याला दुपट्टा गुंडाळून निघायची, केस दिसू नये म्हणून. मेसेजवाल्याला दिसतो तो त्रास हाच असेल, फक्त तो कुठून येऊन राहिला ते त्याने उलटं लिहिलं.

आणि ओबामाची आई गोरी होती तरी 2010 च्या जनगणनेच्या फॉर्मवर त्याने फक्त काळ्याच्या खान्यात टिक केली, दुसरा कोणी दोन्हीत करेल, ज्याची त्याची मर्जी.

काका, डिसेंबरात भाची येऊन राहिली आहे. कॅरम काढून ठेवा, मागच्या वेळी तुम्ही हरले होते.