आधी गोळी, मग कल्चर? उलटं सांगू नका

‘युरिन कल्चर म्हणजे लॅबवाल्यांची लूट. पट्टी बुडवली की दोन मिनिटांत तेच कळतं. रिपोर्ट मुद्दाम तीन दिवस लांबवतात. आधी अँटिबायोटिक घ्या, गुण नाही आला तरच कल्चर करा.’ हा मेसेज मला मावशीने पाठवला, तोवर लघवीच्या त्रासावर घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या तिच्या घेऊन झाल्या होत्या. मावशी 68 वर्षांची, त्यात मधुमेही. नंतर कल्चरसाठी, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्यासाठी, नमुना दिला. रिपोर्ट ‘नो ग्रोथ’, म्हणजे जंतू उगवलेच नाहीत; थंडी-ताप तसाच. मी स्वतः लॅबमध्ये काम करते, मला हे बघवत नाही.

गोळीचं औषध लघवीत उतरतं. नमुन्यातले जंतू अर्धमेले होतात आणि लॅबच्या प्लेटवर उगवत नाहीत. मूत्रपिंडातले मात्र जिवंत राहू शकतात. मग जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल, दोन्ही कळायची वाट बंद. रिपोर्ट येईपर्यंत औषधाविना राहा, असं कुणीच म्हणत नाही. आधी नमुना द्या, लगेच डॉक्टरांनी दिलेली गोळी सुरू करा, रिपोर्ट आल्यावर गरज पडली तर ते औषध बदलतील. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक सूचनाही अँटिबायोटिकआधी कल्चर पाठवायलाच सांगतात.

उशीर मुद्दाम नसतो. जंतू वाढवायला प्लेटमध्ये मॅकॉन्की अगार नावाचं खाद्य असतं. त्यात पित्तक्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट हा रंग असतो, त्यामुळे ग्रॅम-पॉझिटिव्ह या गटातले जंतू बहुतेक दबतात. लॅक्टोज (दुधातली साखर) आंबवणारा ई. कोलाय हा जंतू गुलाबी दिसतो, प्रोटिअस हा दुसरा जंतू बिनरंगी. पण एका पेशीची डोळ्यांना दिसणारी वसाहत व्हायला 37 अंशांवर 18 ते 24 तास जातात. औषधांची चाचणी त्यानंतर, म्हणजे आणखी एक रात्र. जंतूंना घाई करता येत नाही.

लघवीत बुडवायची पट्टी नायट्राइट (काही जंतू लघवीत बनवतात ते रसायन) दाखवते, पण एन्टेरोकोकस हा जंतू ते बनवतच नाही. आणि कुठलं औषध चालेल, हे कोणतीच पट्टी सांगत नाही.

एक गोष्ट मान्य करावी लागेल: तरुण, निरोगी बाईला लघवीची साधी जळजळ असेल तर डॉक्टर अनेकदा कल्चरशिवाय उपचार करतात, आणि ते बरोबर आहे. पण मधुमेह, गरोदरपण, थंडी-ताप, वारंवार होणारा त्रास, पुरुष रुग्ण, इथे तो नियम लावू नका.

मावशी आता दवाखान्यात दाखल आहे. सलाइनमधून औषध चालू आहे, कोणतं लागू पडेल याच्या अंदाजावर.