पंचगंगेकाठची जमीन ‘पडून’ नाही

‘कोल्हापूरची लोकसंख्या दहा वर्षांत दुप्पट झाली. राहायला जागाच उरली नाही. पंचगंगेकाठी एवढी जमीन पडून आहे, दहा फूट भराव टाकला की पुराची भीती संपली.’ हा मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. काल काकांनी मला तोच पाठवला, खाली लिहिलं, ‘दोन गुंठे बघून आलोय, इसार द्यायचाय.’ आता गप्प बसवत नाही.

दुप्पट कुठून आणली? जनगणनेत शहराची लोकसंख्या 2001 ला पाच लाखांच्या जरा आत होती, 2011 ला 5,49,236. दुप्पट सोडा, दीडपटही नाही. 2021 ला तर जनगणना झालीच नाही.

भरावाचं मात्र नीट ऐका. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. त्यावर दहा फूट मुरूम पडला की तीन लाख लिटरहून जास्त पाण्याची जागा गेली. काकांच्या दोन गुंठ्यांत सहा लाख. ते पाणी शेजारच्या उसात शिरणार, नाहीतर मागच्या गल्लीत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे बुडून बंद पडला होता, तिथं कॉलनीचा रस्ता कसा टिकेल? घर कोरडं राहिलं तरी रात्री काकूंना दवाखान्यात कसं नेणार? आणि ‘पडून’ कसली? तिथं ऊस उभा असतो, आणि पावसाळ्यात नदी तिथं पसरते म्हणून पेठांत कमी शिरते.

जागेची ओढाताण आहे, हे मान्य करावं लागेल. महापालिका 1972 ला झाली, नंतर कित्येक दशकं हद्द वाढली नाही, म्हणून पाचगाव, उचगाव, कळंब्याकडची शेतं प्लॉटखाली गेली. पण कुठली जमीन जायची ते लोकसंख्या ठरवत नाही. वरुणतीर्थ तळं बुजवून मैदान झालं, कपिलतीर्थ तळ्यावर मंडई आली, तेव्हा शहर केवढंसं होतं! जमीन जाते ती विकणाऱ्याच्या हिशोबानं आणि परवानगी देणाऱ्याच्या सहीनं.

काका, इसार थांबवा. सातबारा बघितलात, आता पूररेषेचा नकाशा बघा. आणि शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, 2019 ला पाणी त्याच्या मोटारीच्या खोलीवर कुठवर चढलं होतं.