आधी नवऱ्याची तपासणी करा

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की सुनेच्या दवाखान्याच्या वाऱ्या सुरू होतात. सोनोग्राफी, हार्मोन्स, नळ्या मोकळ्या आहेत का ते बघायला एचएसजी, कधी थेट लॅप्रोस्कोपी. नवऱ्याची वीर्य तपासणी सगळ्यात शेवटी, तीही डॉक्टर अडून बसले तर. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण सापडतं. तरीही सगळ्यात स्वस्त आणि न दुखणारी तपासणीच मागे राहते, हे मला पटत नाही.

तपासणी नीट दिली तरच तिला अर्थ. आधी २ ते ७ दिवस वीर्यपतन होऊ देऊ नका. महिनाभर 'साठवून' फायदा नाही, जुने शुक्रजंतू मंदावतात. नमुना लॅबने दिलेल्या डबीतच घ्या. तेल, साबण, थुंकी नको, साधा कंडोमही नको. सुरुवातीच्या थेंबांतच सर्वाधिक शुक्रजंतू असतात, ते सांडले तर लाजू नका, लॅबला सांगा. घरून नेणार असाल तर अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोचवा. डबी शर्टाच्या आत अंगालगत धरा, गाडीच्या डिकीत नको.

रिपोर्टमध्ये 'नॉर्मल आकार ४ टक्के' वाचून घरोघरी रडारड होते. अहो, जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्य तपासणीच्या पुस्तिकेच्या २०२१च्या आवृत्तीत खालची मर्यादाच ४ टक्के आहे! संख्या मिलिलिटरला १ कोटी ६० लाख, एकूण हालचाल ४२ टक्के, वीर्य १.४ मिलिलिटर. वर्षभरात बायकोला दिवस राहिलेल्यांपैकी ५ टक्के पुरुष त्या-त्या आकड्याच्याही खाली होते. म्हणजे ही काही पास-नापासाची रेघ नव्हे. एका वाईट रिपोर्टवर निकाल लावू नका, पुन्हा तपासा.

शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, बाहेर पडेपर्यंत आणखी आठवडा-दोन आठवडे. त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीचा सडकून आलेला ताप आजच्या रिपोर्टमध्ये दिसू शकतो, आणि आज सोडलेल्या तंबाखूचा फायदा तीन महिन्यांनी. अंडकोशाला शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमान लागतं. भट्टीसमोर काम असेल तर डॉक्टरांना तसं सांगा.

सगळ्यात जास्त राग येतो तो जिममधल्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांचा. बाहेरून हार्मोन मिळाला की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी अंडकोशाला काम देणंच थांबवते. दंड फुगतात, शुक्रजंतू शून्यावर येऊ शकतात. बंद केल्यावर बहुतेकांचे परततात, पण सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. मूल हवं असताना 'ताकदीसाठी' हे इंजेक्शन कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

वीर्यवर्धक पावडरींवर हजारो रुपये घालवू नका. झिंक आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांचा अमेरिकेतला मोठा अभ्यास २०२०मध्ये आला, मुलं होण्याचं प्रमाण काही वाढलं नाही. त्यापेक्षा उभं राहून व्हेरिकोसील तपासून घ्या. अंडकोशाच्या या फुगलेल्या शिरा बहुधा डाव्या बाजूला असतात. हाताला लागत असतील आणि रिपोर्टही खराब असेल तर ऑपरेशनचा विचार होतो, नुसत्या सोनोग्राफीत दिसल्या म्हणून नव्हे.

आणि रिपोर्ट 'शून्य' आला तर लगेच दात्याच्या वीर्याला होकार देऊ नका. वीर्य कमी आणि त्यातली फ्रुक्टोज ही साखर नाही, तर शुक्रजंतू बाहेर आणणारी नळीच जन्मतः नसू शकते, शुक्रजंतू आत बनत असतात आणि सुईने काढता येतात. नाहीतर एफएसएच (पिट्युटरीचं हार्मोन), कॅरिओटाइप (सगळ्या गुणसूत्रांची तपासणी), वाय गुणसूत्राची तपासणी. मधुमेह असेल तर वीर्यपतनानंतरची लघवीही तपासायला सांगा, वीर्य उलटं मूत्राशयात जात असू शकतं.