‘कोयत्याने कापलं’ असं लिहू देऊ नका

डिचोली-साखळीकडच्या कामगारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून फिरून येतो. कामावर लागलं तर 24 तासांत पोलिसांत तक्रार द्या, नाहीतर हक्क गेला. चूक तुमची असेल तर एक पैसा नाही. ठेकेदाराच्या माणसाला कायदाच लागू नाही. तेव्हा मालक देईल ते घ्या आणि सही करा. लोक काळजीपोटीच पाठवतात, पण यातलं एकही वाक्य खरं नाही. माझ्या मावसभावाने त्यावर विसंबून तीन महिने घालवले.

फर्निचरचा लहान कारखाना, पाच कामगार. प्लायवूड कापताना मशीनच्या गोल पात्याखाली त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. मालकाने लगेच गाडीत घालून खासगी दवाखान्यात नेलं, बिलही भरलं. केसपेपरवर मात्र लिहिलं गेलं, ‘घरी नारळ सोलताना कोयत्याने कापलं’. भाऊ हाताला रक्ताने भिजलेला टॉवेल गुंडाळून बसला होता. काही बोलायचं त्याला सुचलंच नाही.

आधी 24 तासांचं. हा अपघात 1923च्या भरपाई कायद्याच्या काळातला. त्यात मालकाला होईल तितक्या लवकर नोटीस द्यायची आणि दोन वर्षांच्या आत दावा लावायचा, असं होतं. पोलिसांत गेलंच पाहिजे अशी अट नव्हती. नोटिशीत नाव, पत्ता, तारीख आणि अपघाताचं कारण, तेही साध्या भाषेत. मालकाला अपघात ठाऊक असेल तर नोटीस राहिली म्हणून दावा बुडत नाही. इथे तर दवाखान्यात नेणारा मालकच होता. 21 नोव्हेंबर 2025पासून या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, पण भरपाईचा गाभा तोच आहे.

‘तुझीच चूक’ हे सगळ्यात जास्त घाबरवतं. नुसत्या निष्काळजीपणाने भरपाई जात नाही. दारू वा नशा, स्पष्ट दिलेला सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणं, किंवा संरक्षक कव्हर मुद्दाम काढणं, यामुळेच अपघात झाला असेल तर मालक सुटू शकतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तेव्हाही सुटत नाही. भावाच्या मशीनचं कव्हर कित्येक महिने भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. काम भराभर उरकावं म्हणून मालकानेच ते काढायला लावलं होतं.

ठेकेदाराचं थोडक्यात सांगते. आपल्या धंद्याचं काम ज्याने ठेकेदाराकडून करून घेतलं, त्या मुख्य मालकाकडेही भरपाई मागता येते. आणि जिथे दहा किंवा जास्त माणसं आहेत, तिथे आधी ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं कार्ड आहे का ते बघा. महिना 21 हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ते लागू होतं आणि मग भरपाई तिकडूनच मिळते.

आता सहीचं. भावाला 20 हजार देऊ केले होते, ‘यापुढे काही मागणार नाही’ अशा कागदावर. हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दबातल आहे. आणि हिशेब बघा. वय 30, पगार 15 हजार. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. कायद्याच्या तक्त्यात या वयाचा गुणक 207.98. गुणाकार 18,71,820. एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची क्षमता 20 टक्के घटली असं कायद्याच्या परिशिष्टात धरलेलं आहे. म्हणजे 3,74,364 रुपये, उपचाराचा खर्च वेगळा. रक्कम महिनाभर रखडली तर वर 12 टक्के व्याज.

पुढे जखम चिघळली तेव्हा त्याला बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. या वेळी मी सोबत होते. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो स्वतः म्हणाला, ‘कामावर, मशीनवर कापलं’, आणि तसंच लिहिलं गेलं. तो कागद, बँकेत जमा झालेला पगार आणि शेजारच्या मशीनवरच्या सोबत्याचा जबाब घेऊन आम्ही पणजीत पाटोला श्रमशक्ती भवनात, म्हणजे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात गेलो. पहिला केसपेपरही सोबत जोडला आणि तो तसा का लिहिला गेला, ते अर्जात सांगितलं.